मॅनपाथची गोष्ट: एक पुस्तक, अनेक कपाटं

टर्मिनल उघडून 'मॅन एलएस' टाईप केलं की एलएस कमांडची माहिती समोर येते. फोनवर टर्मक्स वापरणाऱ्यांनीही हे कधीतरी करून पाहिलं असेल. पण ही पानं येतात कुठून? कुठल्या फोल्डरमध्ये शोधायचं हे मॅनला कोण सांगतं? आजचा भाग याच प्रश्नाच्या इतिहासावर आहे. प्रश्न छोटा वाटतो, पण शोधायची जागा चुकली की कधी पानच मिळत नाही. कधी भलतंच पान मिळतं, आणि तेच खरं मानून आपण कमांड चालवतो. दुसरा प्रकार जास्त धोक्याचा.

सुरुवातीला पुस्तक एकच होतं

चला, अमेरिकेतल्या न्यू जर्सीत, बेल लॅब्जमध्ये जाऊ. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स लिहिली होती. नवीन पीडीपी-११ मशीन मिळवताना 'यावर मजकूर तयार करायची सोय करून देऊ' असं त्यांच्या गटाने कबूल केलं होतं. ती सोय पहिल्यांदा वापरली बेल लॅब्जच्याच पेटंट विभागाने. युनिक्सची स्वतःची माहितीही त्याच सोयीने छापली गेली. पहिल्या मॅन्युअलवर तारीख आहे ३ नोव्हेंबर १९७१.

त्या मॅन्युअलचे सात भाग होते. पहिल्यात कमांड, दुसऱ्यात सिस्टिम कॉल, तिसऱ्यात सबरूटीन, चौथ्यात स्पेशल फाईल, पाचव्यात फाईलचे फॉरमॅट. आज लिनक्सवर 'मॅन ५ पासवर्ड-फाईल' अशा थाटात आपण जो आकडा देतो ना, तो या विभागणीतूनच आलाय. पन्नास वर्षांनंतरही पहिल्या पाच भागांचा क्रम तोच आहे. आणखी एक गंमत म्हणजे प्रत्येक पानावर 'बग्ज' असं शीर्षक असायचं. आपल्या प्रोग्रॅममध्ये काय चुकतं हे लिहिणाऱ्यानेच तिथे सांगायचं.

या गटाचे प्रमुख डग मॅकिलरॉय मॅन्युअलबाबत फार आग्रही होते. त्यांनी पुढे सांगितलंय की नवी आवृत्ती निघायची वेळ आली की सगळ्यांची धावपळ सुरू व्हायची. एखादी विचित्र गोष्ट कागदावर लिहायला लाज वाटली, की लोक प्रोग्रॅमच बदलून टाकायचे. म्हणजे मॅन्युअलमुळे सॉफ्टवेअर सुधारत होतं.

पुढच्या दोन-तीन वर्षांतच मॅन ही कमांड आली आणि पानं स्क्रीनवर किंवा टेलिटाईपवर वाचता येऊ लागली. तेव्हा पत्ता एकच होता: /यूएसआर/मॅन. एकच गट, एकच पुस्तक, एकच कपाट. 'कुठे शोधायचं' हा प्रश्नच नव्हता.

मग कपाटं वाढली

युनिक्स विद्यापीठांत पोचली. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीने स्वतःच्या कमांड जोडल्या. प्रत्येक ठिकाणचे लोक आपापले प्रोग्रॅम /यूएसआर/लोकलमध्ये टाकू लागले, आणि त्यांची पानं /यूएसआर/लोकल/मॅनमध्ये. त्यातच एटी अँड टीची सिस्टिम फाईव्ह आणि बर्कलीची बीएसडी असे दोन पंथ पडले. सन कंपनीच्या मशीनवर तर दोन्ही पंथांच्या कमांड एकत्र नांदत होत्या. सोलारिसवर /यूएसआर/बिनमधली पीएस वेगळी आणि /यूएसआर/यूसीबीमधली पीएस वेगळी. नाव तेच, ऑप्शन निराळे. पान एकीचं वाचलं आणि चालवली दुसरी, तर काय होईल विचार करा!

उपाय आला तो बर्कलीकडून. १९८६ च्या ४.३ बीएसडीमध्ये मॅनला 'डॅश एम' हा ऑप्शन मिळाला: पानं कुठे शोधायची ते वापरणाऱ्यानेच सांगायचं. दरवेळी तेच टाईप करायला नको म्हणून मॅनपाथ नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. त्यात फोल्डरची यादी, मध्ये कोलन, म्हणजे विसर्गासारखे ते दोन ठिपके. यादीत जे आधी, ते आधी शोधलं जातं. म्हणजे क्रम नुसता सोयीचा नाही. कोणतं पान 'खरं' ठरणार, ते तोच ठरवतो.

आज काय करायचं?

बहुतेक लिनक्सवर मॅन-डीबी असतो. मॅनपाथ सेट केलेला नसेल तर तो तुमच्या पाथवरून अंदाज बांधतो. पाथमध्ये तुमच्या होममधलं .लोकल/बिन असेल, तर शेजारचं .लोकल/शेअर/मॅन तो आपणहून बघतो. कायमचे नियम डेबियन आणि उबुंटूवर /ईटीसी/मॅनपाथ.कॉन्फिग या फाईलमध्ये, तर फेडोरावर /ईटीसी/मॅन_डीबी.कॉन्फमध्ये. त्यामुळे बऱ्याचदा पाथ नीट केला की काम होतं, मॅनपाथला हातच लावावा लागत नाही.

लावलाच, तर एक गोष्ट लक्षात ठेवा. मॅनपाथमध्ये फक्त आपलं नवं फोल्डर लिहिलं, की सिस्टिमची यादी बाजूला पडते आणि एलएसचंसुद्धा पान सापडत नाही. यावर इलाज म्हणजे तोच कोलन. यादीच्या शेवटी कोलन ठेवला तर सिस्टिमची यादी मागे जोडली जाते. सुरुवातीला ठेवला तर पुढे. मध्ये सलग दोन कोलन दिले तर त्या जागी. दोन ठिपके, पण सगळं पुस्तक त्यांच्यावर टांगलेलं!

शंका आली तर 'मॅनपाथ' ही कमांड चालवा, सध्याची यादी दिसेल. आणि 'मॅन डॅश डब्ल्यू एलएस' लिहिलं तर पान न दाखवता त्या पानाचा पत्ता दिसतो. ही सोय तर १९७९ च्या सातव्या आवृत्तीपासून आहे.

आता तुमच्या हातातल्या फोनकडे या. अँड्रॉइडवर नेहमीचं /यूएसआर नसतंच. टर्मक्स आपलं सगळं बिऱ्हाड अ‍ॅपच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये थाटतो, पानंही तिथेच. १९७१ चं ते एक कपाट आता खिशातल्या फोनमध्येही वेगळं मांडावं लागतं.

म्हणून मंडळी, पुढच्या वेळी एखादं पान वाचताना आधी ते कुठल्या कपाटातून आलंय तेवढं बघा, मग कमांड चालवा. भेटू पुढच्या भागात!