जुनापाणी शिळावर्तुळे

जुनापाणी शिळावर्तुळे हे नागपूर शहराच्या वायव्येस, काटोल मार्गालगतच्या खडकाळ माळरानावर असलेले लोहयुगीन दफनस्थळ आहे. येथे सुमारे ३०० शिळावर्तुळे विखुरलेली आहेत. विदर्भातील बृहदाश्म संस्कृतीचा काळ साधारणपणे इ. स. पू. १००० ते ३०० असा मानला जातो.

रचना

मृताचे अवशेष व त्याच्या उपयोगाच्या वस्तू ठेवून त्यांवर माती आणि दगडगोट्यांची रास रचीत व तिच्याभोवती मोठ्या शिळांचे कडे उभारीत. त्यामुळे वर्तुळाचा मध्यभाग किंचित उंच दिसतो. काही शिळांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत. त्यांचा संबंध खगोलीय दिशांशी असावा, असे मत काही अभ्यासकांनी मांडले आहे.

उत्खनन

जे. एच. रिव्हेट-कारनॅक यांनी १८७९ मध्ये येथील वर्तुळांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातर्फे येथे उत्खनन केले. त्यात काळी-तांबडी मृद्‌भांडी, लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर व घोड्याच्या लगामाच्या कड्या मिळाल्या. जवळच्या माहुरझरी येथे तांब्याच्या अलंकारांनी सजवलेल्या घोड्याचे अवशेष आढळले आहेत. यावरून त्या समाजातील घोड्याचे स्थान लक्षात येते.

महत्त्व आणि जतन

या लोकांचे लिखित साहित्य उपलब्ध नाही. विदर्भात त्यांच्या वसाहतींपेक्षा दफनेच अधिक सापडली आहेत. म्हणून त्यांची बरीचशी माहिती या दगडांखालीच आहे. कोणती वस्तू कोठे व कशासोबत ठेवली होती, यावरून दफनविधीचा उलगडा होतो. शेतीसाठी वा बांधकामासाठी दगड हलवल्यास वस्तू उरल्या तरी हा संदर्भ कायमचा नष्ट होतो.