टायमिंग चेनचा आवाज आणि मिस्त्रीचा कान

मागच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचतोय ना? आजचा विषयच आवाजाचा आहे, म्हणून आधी विचारून घेतो.

१९८५ साल डोळ्यांसमोर आणा. आपल्या रस्त्यांवर तेव्हा राजदूत, येझदी, बजाजच्या स्कूटर, सगळ्या टू-स्ट्रोक. जपानी तंत्राच्या नव्या १०० सीसी गाड्या आल्या, त्यातही सुझुकी आणि यामाहा टू-स्ट्रोकच; पुढच्या वर्षी आलेली कावासाकीसुद्धा तशीच. टू-स्ट्रोकला व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, म्हणून टायमिंग चेनही नाही. फोर-स्ट्रोक म्हणजे बुलेट. पण बुलेटचा कॅम खाली क्रँककेसमध्ये, गिअरवर फिरणारा. तिथून लांब पुशरॉड वर हेडपर्यंत जातात. तिचे टॅपेट खालच्या झाकणामागे. पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, वरखाली हलता कामा नये, हे माप प्रत्येक मिस्त्रीच्या बोटांत होतं.

अशा गॅरेजांत हिरो होंडाची सीडी १०० आली. तिचा कॅम थेट हेडमध्ये, आणि त्याला फिरवायला क्रँकपासून गेलेली एक बारीक चेन. ही कल्पना काही नवी नव्हती. ब्रिटनमध्ये व्हेलोसेटने १९२५ मध्ये कॅम वर नेला होता, पण चेनऐवजी उभा दांडा आणि तिरपे गिअर वापरून. ते नेमकं चालतं, पण बनवायला महाग आणि जुळवायला कटकटीचं. एजेएसने १९२७ मध्ये शर्यतीच्या गाड्यांना चेन लावली. चेन स्वस्त, सुटसुटीत. दोष एकच: ती झिजते, लांबते. म्हणजे कड्या ताणल्या जातात असं नाही हं. प्रत्येक पिनेजवळ किंचित झीज होते आणि त्या सगळ्या झिजेची बेरीज होते. म्हणून चेनबरोबर टेन्शनर आला. होंडाच्या १९६९ च्या सीबी ७५० ला तो हाताने जुळवावा लागे. सीडी १०० चा टेन्शनर आपला आपण काम करणारा होता.

आता गंमत बघा. चेन सैल झाली की डाव्या बाजूने, बोअर आणि हेडच्या मधून, खरखर-खडखड ऐकू येते. पण बुलेटवर तयार झालेल्या कानाला फोर-स्ट्रोकचा वरून येणारा आवाज म्हणजे टॅपेट! मग टॅपेट घट्ट करायचे. आवाज थोडा दबला की अजून घट्ट. गाडी शांत झाली, गिऱ्हाईक खूश. पण फट उरली नाही तर गरम इंजिनात व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, तिथून जळता वायू निसटतो आणि व्हॉल्व्हची कड जळते. म्हणजे चेनचा आजार आणि शिक्षा व्हॉल्व्हला.

हळूहळू कान शिकला. कसा, ते सांगतो, कारण हे कुठल्या पुस्तकातून कमी आणि बाकड्यावर बसून जास्त शिकलं गेलं. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे टॅपेटची टकटक मोजता येण्यासारखी, एका ठेक्यात. चेनला असा ठेका नाही. व्हॉल्व्ह उघडताना त्याची स्प्रिंग कॅमला अडवते, तेव्हा चेन ओढली जाते. बंद होताना तीच स्प्रिंग कॅमला पुढे ढकलते, तेव्हा चेन ढिली पडते. घट्ट-सैल, घट्ट-सैल. म्हणून सैल चेन आयडलला जास्त बडबडते, आणि अॅक्सिलरेटर वाढवून एकदम सोडला की उतरत्या वेगात खर्रर्र करते. पिस्टनचा आवाज गाडी तापली की बहुधा कमी होतो. चेनचं तसं खात्रीने नाही.

लांब पेचकसाचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला, हे दृश्य तुम्ही पाहिलं असेल. १८१६ मध्ये पॅरिसच्या लेनेकने कागदाची सुरळी करून रोग्याची छाती ऐकली, त्याच घराण्यातली ही युक्ती. फक्त कोट पांढरा नाही, ऑइलने काळा झालेला.

आणि कान चुकतो, म्हणून खात्रीची एक पायरीही आली. आधी थंड इंजिनावर टॅपेटची फट मापाने बसवायची. हे सगळ्यात स्वस्त काम. आवाज राहिला तर डावीकडचं गोल झाकण काढून फ्लायव्हील हाताने थोडं पुढे-मागे हलवायचं. फ्लायव्हील हललं पण वरचं चाक जागेवरच थबकलं, तर मधली ढील डोळ्यांना दिसते. फ्लायव्हीलची खूण जुळवूनही वरची खूण मागे राहत असेल, तर चेन झिजलीय किंवा एक दात सरकलीय.

पण ढील म्हणजे चेनच गेली, असंही नाही. आमच्या घरच्या गाडीचं हेच झालं. साताऱ्यातल्या एका गॅरेजात नवी चेन टाकली, महिन्याभरात खडखड परत. वडिलांना दुसऱ्या मिस्त्रींनी डिपस्टिक दाखवली. टोकाला जेमतेम ऑइल, तेही डांबरासारखं. टेन्शनरची दांडी चिकटली होती, तिचं रबर दगड झालं होतं. "साहेब, चेन कशाला बदलली? ऑइल कधी बदललं होतं?" वडील गप्प.

वडिलांना तरी काय दोष द्यायचा? टू-स्ट्रोकला पेट्रोलबरोबर ऑइल घालायची सवय, ते जळून जायचं. आत राहून जुनं होणारं ऑइल ही गोष्टच घरात नवी. त्यात या गाडीची गाजलेली जाहिरात: फिल इट, शट इट, फर्गेट इट. भरा, झाकण लावा, विसरून जा. ती पेट्रोलबद्दल होती. लोक ऑइलही विसरले.

पुढे १९९४ ला स्प्लेंडर आली, प्रदूषणाचे नियम कडक झाले, टू-स्ट्रोक मोटरसायकली मागे पडल्या आणि टायमिंग चेन गावोगाव पोहोचली. आज गॅरेजात विशीतला मुलगा गाडी आत येतानाच सांगतो, "काका, टायमिंग वाजतंय." तरीही मी त्याला आधी डिपस्टिक काढायला लावतो. चला, प्रश्न घेऊया.