तळटीप : हॅमायसिन

लेखकाने ‘पिंपरीचे औषध’ म्हटले आहे ते हॅमायसिन. हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार यांनी पिंपरीच्याच मातीतल्या स्ट्रेप्टोमायसीस जिवाणूपासून ते मिळवले. १९६१ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. ते जिवाणूंवर नव्हे, बुरशीवर चालते. बुरशीच्या पेशीपटलात एर्गोस्टेरॉल असते. औषध त्याला चिकटले की पटलाला भोके पडतात, आतले पोटॅशियम झिरपून जाते आणि पेशी मरते. आपल्या पेशींत त्या जागी कोलेस्टेरॉल असते. त्यावरची पकड ढिली, पण असतेच. म्हणूनच याच कुळातले अँफोटेरिसिन-बी शिरेतून देताना मूत्रपिंडावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते. हॅमायसिन मुख्यतः वरून लावण्यासाठी वापरले गेले, उदाहरणार्थ तोंडातल्या बुरशीसंसर्गावर. इतक्या मोलाच्या कामाची मराठीत फारशी दखल नसावी, याची खंत वाटते. —संपा.