'रूम गेली' : नकाराचा तपास कसा करायचा?

आजचा भाग घरगुती आहे. म्हणजे अक्षरशः आमच्या घरातला.

राजगुरुनगरला आमच्या घरामागं पप्पांनी बांधलेल्या सहा खोल्या आहेत. चाकण एमआयडीसीत कामाला जाणारी पोरं तिथं भाड्यानं राहतात. 2022 च्या जूनमध्ये मराठवाड्यातल्या एका मुलाचा फोन आला. भाडं, डिपॉझिट सगळं त्याला मान्य होतं. मी नाव विचारलं, त्यानं फक्त पहिलं नाव सांगितलं. मी म्हटलं, "पूर्ण नाव?" फोन स्पीकरवर होता. आडनाव ऐकून पप्पांनी मान हलवली. मी "बघून सांगतो" म्हटलं आणि अर्ध्या तासानं मेसेज टाकला, "रूम गेली." गेटवरची 'रूम भाड्याने देणे आहे' ही पाटी तशीच होती.

समजा, त्या मुलानं तक्रार केली असती, तर तपास करणाऱ्यानं नेमकं काय केलं असतं? हा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून हा भाग.

सुरुवात बडोद्यापासून करू. 1917 साली बाबासाहेब आंबेडकर परदेशातून शिकून बडोदा संस्थानात नोकरीला आले. राहायला जागा मिळेना. शेवटी पारशी नाव घेऊन ते पारशांच्या एका धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेली डझनभर माणसं दारात आली आणि संध्याकाळपर्यंत खोली सोड म्हणाली. ते कमाठी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतले. हा भाग बहुतेकांना माहीत असतो. मला जास्त लागला तो त्यांच्या आठवणींतला एक छोटा तपशील. सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला होता, आणि तो या अधिकाऱ्याकडून त्या अधिकाऱ्याकडे फिरत राहिला. उत्तर यायच्या आधी लाठ्या आल्या. लाठ्या दिसतात, त्यांचा गुन्हा नोंदवता येतो. फिरणाऱ्या अर्जाचा कसा नोंदवणार?

पुढं 1955 चा अस्पृश्यता गुन्हे कायदा आला. 1976 च्या दुरुस्तीत त्याचं नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झालं. मला वाटायचं, हा कायदा विहिरी आणि देवळांपुरता असेल. वाचला तर चौथ्या कलमात राहण्याची जागा घेणं आणि तिथं राहणं याचाही उल्लेख निघाला. बाराव्या कलमात तर असं आहे की, अशी कृती अनुसूचित जातीच्या व्यक्तीच्या बाबतीत घडली असेल, तर ती अस्पृश्यतेच्या कारणानंच घडली असं कोर्ट धरून चालेल, उलट सिद्ध होईपर्यंत. आणि दहाव्यात, जाणूनबुजून तपासात हयगय करणारा सरकारी नोकर म्हणजे गुन्ह्याला मदत करणाराच. कागदावर एवढा कडक कायदा! (धर्म, प्रांत, 'बॅचलर नको' हे मात्र त्यात बसत नाही, कारण तो अस्पृश्यतेपुरता आहे.)

पण आधी कृती घडली हे तर दाखवावं लागतं. आणि 'रूम गेली' ही दिसायला कृतीच नाही. खोली दिली की भाडेकरार होतो, नोंदणी होते, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती जाते. नकाराचा करार होत नाही. आमच्या धंद्यात बग पुन्हा घडवून दाखवता आला नाही, तर तिकीट बंद होतं. इथंही तेच होणार.

हा बग पुन्हा घडवायची युक्ती बाहेरच्या देशांनी पन्नाससाठ वर्षांपूर्वी काढली. ब्रिटनमध्ये 1965 च्या वंशसंबंध कायद्यात घरं नव्हतीच. मग 1967 मध्ये एका संशोधन संस्थेनं एकाच घरमालकाकडं पाठोपाठ तीन माणसं पाठवली. एक वेस्ट इंडियन, एक हंगेरियन आणि एक इंग्रज. तिघांची परिस्थिती सारखी, उत्तरं वेगळी. परका असणं आणि काळा असणं वेगळं काढायला तो हंगेरियन होता. काय डोकं लावलंय! 1968 च्या कायद्यात घरं आली.

अमेरिकेतही 1968 सालीच, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, घरांबाबतच्या भेदभावाविरुद्धच्या कायद्यावर सही झाली. पण सरकारी खात्याच्या हातात फक्त समेट घडवणं होतं. खरे दात 1988 च्या दुरुस्तीनं आले. तपास 100 दिवसांत पूर्ण करायचा ही अपेक्षाही तेव्हाचीच. मधल्या काळात, 1982 मध्ये, व्हर्जिनियातला एक खटला सुप्रीम कोर्टात गेला. एका काळ्या बाईला सांगितलं होतं की फ्लॅट शिल्लक नाही, गोऱ्या माणसाला सांगितलं आहे. दोघंही भाडेकरू नव्हते, चाचणीसाठी पाठवलेले होते. कोर्ट म्हणालं, खोटी माहिती मिळालेल्या त्या बाईला दाद मागता येते, तिला घर खरंच हवं होतं की नाही हा मुद्दा नाही.

म्हणजे तपास करणं हे तिथं शिकवायचं कसब झालं. 2004 मध्ये त्यासाठी राष्ट्रीय प्रशिक्षण अकादमीच निघाली. चाचणीला जाणाऱ्यांनी एकमेकांशी बोलायचं नाही, परतल्यावर लगेच लिहून काढायचं. तपासनिसानं घरमालकाला "तुम्ही भेदभाव करता का?" विचारून काही मिळत नाही. त्यानं मागायचं भाड्याचं रजिस्टर, जाहिरातीची तारीख, खोली खरंच कधी भरली ते. आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या कुणाला काय सांगितलं ते.

आपल्याकडं हे कुणी केलंच नाही असं नाही. अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये दिल्ली, नोएडा, गुडगाव, फरीदाबाद, गाझियाबाद इथं फोन करून आणि प्रत्यक्ष जाऊन हेच तपासलं. अर्जदार सारखे, फरक आडनावाचा. दलितांना नकार जास्त, मुसलमानांना त्याहून जास्त. शिवाय 'हो, पण' वाली उत्तरं. हे झालं संशोधन. आपल्या पोलीस ठाण्यात अशी चाचणी होते असं मी तरी ऐकलेलं नाही. 2023 मध्ये मुलुंडला मराठी बाईला ऑफिसची जागा नाकारली, तेव्हा व्हिडिओ होता, झटापट होती, म्हणून कारवाई झाली. मेसेजवर शांतपणे 'रूम गेली' म्हटलं असतं तर?

आमच्या इथं तर हद्दीपासून घोळ. राजगुरुनगर पुणे ग्रामीण पोलिसांकडं, चाकण 2018 पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाकडं. तो मुलगा राहायचा चाकणला, खोली बघत होता आमच्याकडं. तक्रार घेऊन नेमका कुठं गेला असता, कोण जाणे.

मागच्या रविवारी मी तपासनिसाचं काम स्वतःच करून बघितलं. पप्पा खोल्यांची वही ठेवतात. ती मागितली. "कशाला?" म्हणाले. सांगितलं. थोडा वेळ गप्प बसले, मग कपाटातून काढून दिली आणि बाहेर झाडांना पाणी घालायला गेले.

माझा मेसेज 12 जूनचा, सकाळी 11 वाजून 20 मिनिटांचा. वहीत चार नंबरच्या खोलीपुढं पप्पांच्या अक्षरात : 'रिकामी.' त्याखाली नवीन भाडेकरूचं नाव, आणि तारीख 21 जून.

त्या मुलाचं उत्तरही फोनमध्ये अजून आहे. "ठीक आहे सर. दुसरी झाली तर सांगा."