जाल-पत्ता रूपांतरण व पॅकेट-गाळणी

लहान कार्यालयातील अनेक संगणकांना इंटरनेटवरील एकाच सार्वजनिक पत्त्यावरून व्यवहार करता यावा, म्हणून राउटर या मार्गनिर्देशक यंत्राने पॅकेटांवरील पत्ते बदलण्याच्या क्रियेस जाल-पत्ता रूपांतरण म्हणतात. ‘नॅट’ या इंग्रजी संक्षेपानेही ती ओळखली जाते. ठरावीक नियमांनुसार पॅकेटे पुढे जाऊ देणे वा अडविणे म्हणजे पॅकेट-गाळणी होय. ही दोन्ही कामे आता बहुधा एकाच यंत्रात होत असली, तरी त्यांचा उगम भिन्न आहे. पहिल्याचा उगम पत्त्यांच्या टंचाईत, तर दुसऱ्याचा परस्परविश्वास ढळण्यात आहे.

पार्श्वभूमी : इंटरनेट संदेशनियमांची चौथी आवृत्ती सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली व १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील आर्पानेट या जालाने नव्या नियमांचा स्वीकार केला. पत्ता ३२ बिटांचा असल्याने एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते शक्य होते. विद्यापीठे व संशोधनसंस्था यांच्या मर्यादित जालास ही संख्या विपुल होती. परंतु पत्त्यांचे वाटप गटागटांनी होई व सर्वांत मोठ्या गटात १,६७,७७,२१६ पत्ते असत. त्यामुळे १९९० नंतर टंचाईची चिन्हे दिसू लागली.

गाळणीचा विकास : २ नोव्हेंबर १९८८ रोजी ‘मॉरिस वर्म’ हा स्वयंप्रसारी कार्यक्रम जालावर पसरून हजारो संगणक ठप्प झाले आणि खुल्या जालातील धोका सर्वांच्या लक्षात आला. १९८९ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कंपनीतील जेफ्री मोगल यांनी प्रवेशद्वारावरील गाळणीची ‘स्क्रीनडी’ ही प्रणाली मांडली. आरंभीच्या गाळण्या प्रत्येक पॅकेट सुटे तपासीत : प्रेषकाचा व ग्राहकाचा पत्ता, संदेशनियम आणि पोर्ट क्रमांक. आलेले पॅकेट आतून गेलेल्या मागणीचे उत्तर आहे की नाही, याची त्यांना स्मृती नसे. ही उणीव भरून काढणारी, चालू जोडण्यांची नोंद ठेवणारी गाळणी इझ्राएलमधील चेक पॉइंट कंपनीने १९९४ मध्ये बाजारात आणली.

रूपांतरणाचा उदय : एकच पत्ता अनेक ठिकाणी पुनःपुन्हा वापरण्याची कल्पना पॉल त्सुचिया व टोनी एंग यांनी १९९३ मधील लेखात मांडली. मे १९९४ मध्ये एगेव्हांग व फ्रान्सिस यांच्या टिपणाने तिला निश्चित रूप दिले. त्यातच हा अल्पकालीन उपाय असल्याचे स्पष्ट केले होते. खासगी पत्त्यांमुळे पत्त्याचे जगभरातील अनन्यत्व नष्ट होईल, असा आक्षेप त्याच वर्षी घेण्यात आला. तथापि फेब्रुवारी १९९६ मध्ये खासगी वापराचे तीन पत्तागट कायम करण्यात आले. १९२.१६८ ने सुरू होणारा, लहान कार्यालयांच्या परिचयाचा गट त्यांपैकीच होय.

कार्यपद्धती : १९२.१६८.१.१० या संगणकाने पॅकेट पाठविल्यावर राउटर प्रेषकाच्या जागी स्वतःचा सार्वजनिक पत्ता व एक पोर्ट क्रमांक घालतो आणि ही जोडी कोष्टकात नोंदवितो. उत्तर आल्यावर नोंद पाहून ते मूळ संगणकाकडे पोहोचविले जाते. नोंद नसलेले बाहेरचे पॅकेट आत कोणाकडे द्यावे हे न कळल्याने ते सामान्यतः टाकून दिले जाते.

परिणाम : या आनुषंगिक लाभामुळे रूपांतरण म्हणजेच संरक्षण असा समज रूढ झाला. तो अपुरा आहे. कारण आतील दूषित संगणकाने स्वतः बाहेर जोडणी केल्यास रूपांतरण तीस अडवीत नाही. ते काम गाळणीच्या नियमांचेच आहे. शिवाय आतील संगणक इतरांशी संपर्क साधू शकतो. पण इतरांना त्याच्याशी थेट संपर्क साधता येत नाही. जालातील सर्व संगणक समान असण्याचे मूळ तत्त्व त्यामुळे दुबळे झाले.

१२८ बिटांच्या पत्त्यांची सहावी आवृत्ती डिसेंबर १९९५ मध्येच प्रसिद्ध झाली होती. परंतु रूपांतरणाने निकड कमी केल्याने तिचा प्रसार रेंगाळला. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जुन्या पत्त्यांचा मध्यवर्ती साठा संपला. १५ एप्रिल २०११ रोजी, भारत ज्यात मोडतो त्या आशिया-पॅसिफिक विभागातही पत्त्यांचे मर्यादित वाटप सुरू झाले. एप्रिल २०१२ मध्ये सेवादात्या कंपन्यांच्या रूपांतरणासाठी स्वतंत्र पत्तागट राखून ठेवावा लागला. अशा रीतीने तात्पुरता म्हणून योजलेला उपाय जालाच्या रचनेचाच भाग बनला.