मोहतर्फ्याकडून मिठाकडे

राज्यकर्त्याने प्रजेच्या मिळकतीवर कर बसवावा की तिच्या खरेदीवर, हा प्रश्न अलीकडे अर्थशास्त्राच्या ग्रंथांतून मोठ्या विद्वत्तेने चर्चिला जातो. परंतु आपल्या जुन्या मुंबई इलाख्यात तो सरकारी दप्तरांतून शंभर वर्षांहून अधिक काळ चालला होता, आणि त्याचा निकाल बहुतेक वेळा मिठाच्या गोणीवर लागला.

पेशवाईच्या अखेरीस जमीनमहसुलाखेरीज सायर बाबींत दोन प्रकारचे कर ठळक दिसतात. तेल्याचा घाणा, कोष्ट्याचा माग, वाण्याचे दुकान यांवर, धंद्याचा वकूब पाहून, जो आकार बसे तो मोहतर्फा. आणि मालावर वाटेत जी वसूल होई ती जकात. जकातीतही माल भरला जाई त्या ठिकाणचे थळभरीत आणि तो विकला जाई त्या ठिकाणचे थळमोड असे भेद असत. म्हणजे ज्याला आपण विक्रीकर म्हणतो तो थळमोडीच्या रूपाने या देशाला परका नव्हता. नाक्यानाक्यावर थांबून हशील चुकविता चुकविता व्यापारी इतका जेरीस येई, की सगळ्या वाटेची जकात एकरकमी ठरवून घेऊन माल बिनघोर पोचविणारा हुंडेकरी नावाचा एक स्वतंत्र वर्गच पेठांतून उभा राहिला होता, आणि एल्फिन्स्टनसाहेबाने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाच्या अहवालात त्याची आवर्जून नोंद घेतली आहे. करपद्धती किती गुंतागुंतीची झाली आहे हे ओळखण्यास, तिच्या आधारावर किती मध्यस्थ पोट भरतात एवढे पाहिले तरी पुरे, असे मला वाटते.

इंग्रजांनी ही गुंतागुंत मोडली हे खरेच. मात्र ती मोडताना खजिन्याला पडणारी खोट कोणाकडून भरून घेतली, हे पाहण्यासारखे आहे. १८३७ साली मिठावर मणामागे आठ आण्यांचा कर बसला आणि १८३८ च्या पहिल्याच कायद्याने अंतर्गत जकात उठली. १८४४ साली धंद्यांवरचे मोहतर्फा, वेरो इत्यादी कर रद्द झाले, आणि त्यांच्या बदल्यात मिठाचा कर आठ आण्यांवरून एकदम रुपयावर नेण्यात आला. सुरतेस त्या ऑगस्टात दंगा उसळला, तेव्हा सरकारने चार आणे मागे घेतले. पण अदलाबदल कायम राहिली. घाणा, माग आणि दुकान बाळगणाराच जो देत असे तो कर गेला, आणि ज्याच्यापाशी यांतले काहीच नव्हते त्याच्याही भाकरीवर तो येऊन बसला.

मिठावर कर ही कल्पना येथे नवी नव्हती. १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सरसुभेदारास पत्र लिहून बारदेशच्या मिठावर जबर जकात बसविण्यास फर्माविले होते. पण तो कर परक्या मिठावरचा होता, आणि संगमेश्वराकडील स्वतःच्या मिठाचा व्यापार बुडू नये हा त्याचा हेतू होता. इंग्रजी कर देशी मिठागरावरच बसला. एवढेच नव्हे तर, गोव्याचे स्वस्त मीठ आड येऊ नये म्हणून १८७८ च्या तहाने पोर्तुगीज हद्दीतील मीठ-उत्पादनावरही इंग्रजांनी ताबा मिळविला, आणि तो तह १८९२ पर्यंत चालला.

मिळकतीवरचा कर मात्र सत्तावन्नच्या बंडाचे कर्ज फेडण्याकरिता आला. जेम्स विल्सन यांनी १८६० च्या फेब्रुवारीत कलकत्त्यास अंदाजपत्रक मांडताना मनूच्या वचनांचा आधार घेतला, आणि जुलैत कायदा झाला: वार्षिक दोनशे ते पाचशे रुपयांच्या प्राप्तीवर शेकडा दोन, त्यावर शेकडा चार. पुढच्याच महिन्यात विल्सनसाहेब वारले. मद्रासचे गव्हर्नर ट्रेव्हेल्यन यांनी या करास उघड विरोध केला, आणि त्यापायी त्यांना ते पद सोडून विलायतेस परतावे लागले. १८६५ साली कर मावळला. मग परवाना-करासारख्या नावांनी तो येत-जात राहिला, आणि १८८६ साली पक्का झाला. शेतीचे उत्पन्न वगळले गेले, पाचशेच्या आतील प्राप्तीला माफी मिळाली, आणि साधारणतः दोन हजारांच्या आत रुपयास चार पै व दोन हजारांपासून पुढे पाच पै असा दर ठरला. दोन हजारांचा धनी आणि दोन लाखांचा धनी एकाच दराने कर देत.

आता याच काळात, १८८८ पासून, मिठावर ब्याऐंशी पौंडी सरकारी मणाला अडीच रुपये होते. समजा, एका मजुराच्या घरात वर्षाचे पन्नास रुपये येतात आणि अर्धा मण मीठ लागते. त्याचा सवा रुपया करापायी गेला, म्हणजे शेकडा अडीच. हजार रुपये पगाराचा कारकून रुपयास चार पैप्रमाणे वीस रुपये तेरा आणे चार पै भरतो, आणि तेवढेच मीठ खाऊनही त्याचे दोन्ही कर मिळून शेकडा सव्वादोनच्या आत राहतात. दहा हजार मिळविणारा वकील शेकडा सुमारे दोन रुपये दहा आणे देतो; मजुरापेक्षा दोन आणे अधिक! तरी सभा, अर्ज आणि वर्तमानपत्री आक्रोश यांत प्राप्तिकराची वसुली जाचक ठरे, कारण त्याची मागणी नावानिशी घरी येई. मजूर मात्र वाण्याच्या भावात कर देई आणि महागाई झाली म्हणून वाण्याला शिव्या घाली.

गोपाळ कृष्ण गोखले यांनी मार्च १९०२ च्या अंदाजपत्रकावरील आपल्या पहिल्या भाषणात दोन्ही गाऱ्हाणी एकत्र मांडली: मिठाचा कर उतरवा, आणि प्राप्तिकराची माफी हजारापर्यंत न्या. १९०३ साली दोन्ही गोष्टी घडल्या, आणि मिठाचा दर दोन रुपयांवर आला. प्राप्तिकराचे दर चढत्या श्रेणीने ठरण्यास १९१६ साल उजाडावे लागले. माझ्या मते सरसकट एका दराचा प्राप्तिकर हा काही न्यायाचा आदर्श नव्हे. पण सरसकट खरेदीवरील कराच्या शेजारी ठेवला असता तो पुष्कळच दयाळू दिसतो.

पुढे खरेदीवरचा कर विक्रीकराच्या रूपाने पुन्हा आला. मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने १९३८ साली पेट्रोलच्या किरकोळ विक्रीवर कर बसविला, त्याविषयीचा वाद फेडरल कोर्टापर्यंत गेला, आणि निकाल प्रांताच्या बाजूने लागला. मुंबई प्रांतात १ ऑक्टोबर १९४६ रोजी सर्वसाधारण विक्रीकर सुरू झाला. त्यानंतर बरोबर सहा महिन्यांनी, १ एप्रिल १९४७ रोजी, मिठावरचा कर उठला.