मोटारींतील गादीकाम



मोटारगाडीचा इतिहास सांगावयाचा म्हटला म्हणजे बहुतेक वक्ते यंत्राकडे वळतात. अश्वशक्ति किती, वेग किती, कोणत्या सालीं कोणती सुधारणा झाली, याचीच मोजदाद चालते. परंतु गाडींत बसणाऱ्यास यंत्र दिसत नाहीं. त्याच्या अंगास लागते ती गादी. त्या गादीचें वृत्त सहसा कोणी सांगत नाहीं, म्हणून आज मीं तोच विषय घेतला आहे.

आरंभींच्या थोर गाड्या आजच्याप्रमाणें एका कारखान्यांत पुऱ्या होत नसत. रोल्स रॉईस कंपनीनें १९०६ पासून १९२६ पर्यंत ज्या ‘सिल्व्हर घोस्ट’ जातीच्या गाड्या केल्या, त्यांचा सांगाडा, यंत्र व चाकें काय तीं तिचीं. वरचा डबा गिऱ्हाइकानें निराळ्या कारागिरांकडून बांधून घ्यावयाचा. हे कारागीर पूर्वींचे बग्ग्या बांधणारे. लंडनच्या बार्कर पेढीचा धंदा १७१० पासूनचा, म्हणजे मोटार जन्मास येण्यापूर्वीं पावणेदोनशे वर्षें ही मंडळी घोड्याच्या गाड्यांच्या गाद्या भरीत होती. घोडे गेले, गादी तीच राहिली. हाकणाऱ्याची बैठक उघड्यावर, ऊनपावसांत, म्हणून तीस चामडें. धनी आंत बंदिस्त, म्हणून त्याच्या बैठकीस उंची बनात अगर रेशीम. आज चामड्याची बैठक हें ऐश्वर्याचें लक्षण समजतात. त्या काळीं बंद गाडींत चामडें सारथ्याच्या वांट्यास येई! मला ही गोष्ट मोठी गमतीची वाटते.

अशाच एका गाडीचा आमच्या भोकराशीं दूरचा संबंध आहे. हा मुलूख तेव्हां हैदराबाद संस्थानांत मोडत असे. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्यासाठीं १९११ सालीं एक सिल्व्हर घोस्ट मागविण्यांत आली. तिचा पिवळ्या रंगाचा डबा बार्कर पेढीनें बांधला व मागची बैठक सिंहासनासारखी उंच केली. लोकांनीं तीस ‘तख्ताची गाडी’ असेंच नांव दिलें. परंतु ज्यांच्यासाठीं ती केली ते निजाम त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें वारले, आणि १९१२ सालची ती गाडी सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्याकडे आली. ती फारशी रस्त्यावर धांवलीच नाहीं. हैदराबादेस चौमहल्ला राजवाड्यांत मीं ती पाहिली आहे.

आमच्या पिढीनें निजामाची राजवट अनुभवली नाहीं. ती १७ सप्टेंबर १९४८ रोजीं संपली. पण वडील मंडळींनीं ती भोगली होती, आणि माझ्यासमवेत आलेले एक स्नेही ती गाडी पाहून म्हणाले, “गुरुजी, ही कशाला जपून ठेवायची? हिची गादी वाळवीनें खाल्ली असती तर काय बिघडलें असतें?” मी त्यांस म्हणालों, “त्या दौलतींत आपल्याकडील कुणब्यानें भरलेला साराहि होताच. वाळवीनें गादी खाल्ली तर ती आपलीच पावती खाईल.” स्नेही कांहीं बोलले नाहींत, त्यांस तें पटलें असें मात्र मला म्हणवत नाहीं.

आतां या जुन्या गादीच्या पोटांत काय असे तें पाहूं. लांकडी चौकटीवर तळाशीं तागाची नवार ताणून, आडवी-उभी विणून, चुकांनीं ठोकीत. बाजेची नवार सैल पडली तर पुनः आवळतां येते. येथें ती सैल पडली कीं सारी गादी उसवावी लागते, म्हणून पहिला ताण फार महत्त्वाचा. नवारीवर स्प्रिंगा दाभणानें शिवून टाकीत आणि प्रत्येक स्प्रिंग शेजारणींशीं दोरीनें बांधून सर्वांची उंची एक करीत. ही बांधणी चुकली तर बसणारा एका अंगास कलतो. त्यावर गोणपाट. गोणपाटावर घोड्याचे केंस, पण ते साधे नव्हत. केंसांचा दोर वळून तो उकळीत, वाळवीत व मग उलगडीत, म्हणजे प्रत्येक केंसास कायमचें कुरळेपण येई. तें कुरळेपण हीच त्या गादीची लवचीकता. वर मांजरपाट, त्यावर कापसाचा पातळ थर, नाहीं तर केंस टोंचतात; आणि सर्वांत शेवटीं चामडें. आपल्याकडे घोड्याच्या केंसांची जागा पुढें नारळाच्या काथ्यानें घेतली. काथ्या स्वस्त खरा, पण कालांतरानें त्याचा भुगा होतो.

चामड्याचीहि कथा अशीच. आमच्या माळरानावर पिवळ्या फुलांचा तरवड उगवतो. त्याची व बाभळीची साल या देशांत कातडें कमावण्यास पूर्वापार वापरीत आले आहेत. तें काम आठवडेच्या आठवडे चाले. क्रोम क्षारानें थोड्या दिवसांत कातडें कमावण्याची रीत चॅटर्टन यांनीं मद्रासेस १९०३ च्या सुमारास सुरू केली. ‘रेक्झीन’ हें तर मूळचें एका इंग्लिश कारखान्याचें व्यापारी नांव. कापडावर सेल्युलोजाचें लुकण चढवून त्यावर कातड्याची नक्षी उठवीत. आज आपण ज्यास रेक्झीन म्हणतों तें बहुधा प्लास्टिक चढविलेलें कापड असतें. आणि ज्या फोमनें काथ्या व केंस दोघांसहि घालविलें, त्याचें मूळ रसायन जर्मनींत ओटो बायर यांनीं १९३७ सालीं शोधून काढलें.

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर कंपनी स्थापिली व कुर्ल्याच्या कारखान्यांतून मोटारी बाहेर पडूं लागल्या. त्यांतली फियाट महाराष्ट्राच्या घरोघरीं ठाऊक झाली. पुढें तिचेंच नांव ‘पद्मिनी’ झालें. मुंबईच्या रस्त्यांवरून ती टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्यें निघून गेली.

अशीच एक जुनी फियाट आमच्या साडूभाऊंनीं हौसेनें घेतली आणि तिचें गादीकाम आम्हीं भोकरास आमच्या ओसरीवर काढलें. बैठकी सोडवून ओसरीवर आणल्या, तों गांवांतील वृद्ध कुशनवाले पाहावयास आले. ते म्हणाले, “गुरुजी, उसवायची घाई करूं नका. आधीं खडूनें आंकडे घाला, शिवणीच्या दोन्ही बाजूंस खुणा करा. जुना अभ्राच नव्याचें माप असतो.” ते गेल्यावर पुढच्या बैठकीचें काम आम्हीं त्यांच्या सांगण्याप्रमाणें केलें. मागच्या पाठीची पाळी आली तेव्हां दिवस मावळत आला होता. मीं ती भराभर उसविली आणि तुकडे कचऱ्याच्या ढिगावर टाकले. सकाळीं ढीग पेटविलेला होता.

उसवितांना मात्र जें पाहावयास मिळालें तें एखाद्या उत्खननासारखें होतें. वर टॉवेलच्या कापडाची खोळ, तिच्याखालीं तांबडें रेक्झीन, त्याखालीं मूळचें राखी आवरण, आणि फटींत १९७० चें पितळी वीस पैशांचें नाणें व अर्धा फणी. स्प्रिंगांवर गंज होता. तो घासून वर तांबडा रंग दिला. नवे तुकडे जुन्यावर ठेवून, चारी बाजूंस शिवणीपुरती जागा सोडून कापले. घरच्या शिवणयंत्राच्या तीन सुया मोडल्या, तेव्हां गोटाची शिवण चांभाराच्या यंत्रावर नेली. पुढची बैठक ताठ, सरळ बसली. मागच्या पाठीच्या पन्हळी मीं अंदाजानें कापल्या होत्या. त्या दाराच्या बाजूस तिरक्या ओढल्या गेल्या.

जुन्या मोटारींचा सांभाळ करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघानें २०१२ सालीं ‘तुरीन सनद’ मान्य केली. तिच्यांत आहे तें जपणें यास पहिलें स्थान दिलें आहे. नवें करणें हें त्यानंतरचें. आपल्या सरकारनेंहि २०२१ सालीं नियम करून पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपांत राखलेल्या गाड्यांस ‘व्हीए’ अक्षरांची निराळी नोंदणी दिली. मला सनद पसंत आहे; मात्र जी गाडी रोज लेंकरांस घेऊन बाहेर पडते तिची फुटलेली स्प्रिंग इतिहास म्हणून तशीच ठेवावी, असें कोणी म्हणूं लागल्यास मी त्याच्या बाजूस नाहीं. भेगा पडलेलें कातडें आंतून कापड चिकटवून तगवतां येतें. कुजलेली नवार मात्र तगत नाहीं.

साडूभाऊंच्या गाडीच्या पुढील बैठकीचा राखी अभ्रा आम्हीं धुऊन, आंकड्यांसह, कडुनिंबाचा पाला घालून पेटींत ठेवला आहे. मागच्या पाठीचा तसा कांहींच पुरावा उरला नाहीं. गाडींत बसलें म्हणजे साडूभाऊ त्या तिरक्या पन्हळींवरून हात फिरवितात व कांहीं बोलत नाहींत.